प्रौढ कर्णबधिर आणि कॉक्लिअर इम्प्लांट : निर्णयापूर्वी काय पाहावे?

वर्तमानपत्रात अधूनमधून एखाद्या बालकाचे छायाचित्र प्रसिद्ध होते. बालकाच्या कानामागे लहानसे यंत्र बसविलेले असते, श्रवणतज्ज्ञाने ते नुकतेच सुरू केलेले असते, आणि जन्मापासून कोणताही आवाज न ऐकलेले ते मूल दचकून आईच्या तोंडाकडे पाहत असते. हे छायाचित्र गावात पोहोचले की त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नही पोहोचतो. ज्या घरात तीस-पस्तीस वर्षांचा कर्णबधिर मुलगा आहे, किंवा ज्या घरातील निवृत्त गुरुजींचे कान गेल्या दोन वर्षांत पूर्णपणे गेले आहेत, त्या घरातून विचारणा होते : "आमच्या माणसाचे हे ऑपरेशन होईल का?" ही विचारणा बहुधा डॉक्टरांकडे जाण्याआधी सरपंचाकडे, मुख्याध्यापकांकडे किंवा पंचायत समितीच्या कार्यालयात येते. शिफारसपत्र मागितले जाते, एखादी योजना आहे का याची चौकशी होते, आणि "करून घ्यावे का?" असा सल्लाही मागितला जातो.

या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. "होईल, पैशाची व्यवस्था करा" हे एक आणि "आता वय गेले" हे दुसरे. दोन्ही उत्तरे घाईची आहेत. वर दिलेल्या दोन उदाहरणांत, साठी उलटलेल्या गुरुजींना या शस्त्रक्रियेचा लाभ होण्याची शक्यता त्या तरुणापेक्षा कितीतरी अधिक असते, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. परंतु वस्तुस्थिती तशी आहे, आणि तिचे कारण समजून घेतल्याखेरीज या विषयात कोणालाही सल्ला देता येणार नाही.

यंत्र काय करते?

कानाच्या सर्वांत आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा एक अवयव असतो. शास्त्रीय परिभाषेत त्यास कर्णशंबूक आणि इंग्रजीत कॉक्लिआ म्हणतात. त्याच्या आत सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत् संदेशांत रूपांतर करून ते श्रवणतंत्रिकेकडे सोपविणे हे या पेशींचे काम होय. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे आवाज टिपतात आणि टोकाकडील पेशी खालच्या पट्टीचे. मानवाच्या बाबतीत या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत.

साधे श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. तो टिपण्यासाठी पुरेशा केशपेशीच शिल्लक नसतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी शब्द उमगत नाहीत. कॉक्लिअर इम्प्लांट या पेशींना वगळून थेट तंत्रिकेस विद्युत् संदेश देते. त्याचे दोन भाग असतात. बाहेरच्या भागात ध्वनिग्राहक आणि आवाजाची पट्टीनिहाय विभागणी करणारा प्रोसेसर असून तो कानामागे बसतो. त्यास जोडलेली लहान चकती चुंबकाच्या साहाय्याने डोक्याच्या त्वचेला चिकटून राहते. आतला भाग शस्त्रक्रियेने कानामागील हाडावर बसवितात आणि त्यापासून निघणारी विद्युत् अग्रांची बारीक तार कर्णशंबुकात सरकवितात. त्वचेतून तार काढलेली नसते. संदेश व वीज दोन्ही रेडिओ लहरींनी आत जातात.

पंधरा हजार केशपेशींच्या जागी विद्युत् अग्रे असतात ती मात्र निर्मात्यानुसार बारा, सोळा अथवा बावीस. शिवाय एका अग्रातून सोडलेली वीज शेजारच्या तंतूंपर्यंत पसरते. हार्मोनियमची एकेक पट्टी बोटाने दाबण्याऐवजी मुठीने चार-पाच पट्ट्या एकदम दाबाव्यात, तसा हा प्रकार आहे. एवढ्या जाड्याभरड्या संदेशातून बोलणे समजते कसे? रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की, नीट ऐकू येणाऱ्या माणसांना बोलण्याचा आवाज केवळ चार पट्ट्यांत विभागून, बाकीचा तपशील काढून टाकून ऐकविला, तरी शांत जागी त्यांना वाक्ये समजतात. भाषेत एवढी पुनरुक्ती असते आणि भाषा जाणणारा मेंदू गाळलेल्या जागा इतक्या सहजपणे भरतो की, अल्प सामग्रीवरही काम भागते.

संगीताचे तसे नाही. इम्प्लांट वापरणाऱ्यास ढोलकीचा ठेका कळतो. पेटीवरील सूर वर गेला की खाली आला, हे मात्र पुष्कळदा कळत नाही. गोंगाटातही अडचण येते. खोलीत समोरासमोर बसून उत्तम संभाषण करणारी व्यक्ती एस.टी. स्थानकावर, पिठाच्या गिरणीजवळ किंवा चार जण एकदम बोलत असलेल्या ग्रामसभेत गोंधळून जाते. प्रारंभीचे काही दिवस तर माणसांचे बोलणे शिट्यांसारखे, कर्कश किंवा यंत्रातून आल्यासारखे भासते, असा अनेकांचा अनुभव आहे.

मेल्बर्न येथील पहिले रुग्ण

श्रवणतंत्रिकेस वीज देऊन ध्वनीची जाणीव निर्माण करण्याचा प्रयोग पॅरिस येथे आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी १९५७ साली केला. पुढे १९६१ पासून अमेरिकेत विल्यम हाउस यांनी एकाच अग्राचे यंत्र रुग्णांवर वापरले. त्यातून आवाजाची चाहूल लागे आणि ओठ वाचण्यास मदत होई. शब्द मात्र उलगडत नसत. अनेक अग्रांच्या यंत्रासाठी झटणाऱ्यांत ऑस्ट्रेलियाचे ग्रॅम क्लार्क अग्रेसर होते. त्यांचे वडील औषधविक्रेते असून त्यांना नीट ऐकू येत नसे, आणि दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांशी बोलताना होणारी त्यांची कुचंबणा क्लार्क यांनी लहानपणापासून पाहिली होती. शंखाच्या वळणात तार शिरेल कशी, हा प्रश्न त्यांना काही काळ सुटत नव्हता. १९७७ साली समुद्रकिनारी सुटीवर असताना त्यांनी एका शंखात गवताचे पाते सरकवून पाहिले. बुडाशी ताठ व टोकाशी लवचीक असलेले पाते वळणावळणाने आत गेले, आणि तारेची रचना कशी असावी याचे उत्तर मिळाले.

१ ऑगस्ट १९७८ रोजी क्लार्क यांनी मेल्बर्न येथे रॉड साँडर्स या गृहस्थांवर शस्त्रक्रिया केली. मोटार अपघातात डोक्यास मार बसून साँडर्स यांची श्रवणशक्ती गेलेली होती. नंतरच्या चाचणीत यंत्रातून त्या वेळच्या राष्ट्रगीताची धून देण्यात आली, तेव्हा साँडर्स ताडकन उठून सावधान स्थितीत उभे राहिले आणि त्या हालचालीत चाचणीच्या उपकरणाला जोडलेल्या तारा निसटल्या, अशी आठवण क्लार्क यांनी सांगितली आहे.

ही आठवण गमतीची खरी, पण या लेखाचा सारा विषय तिच्यात आला आहे. साँडर्स यांना मिळालेला सूर मूळ सुरासारखा असणे शक्य नव्हते. परंतु ती धून त्यांच्या स्मरणात शाबूत होती. लय जुळली, स्मृती जागी झाली आणि पाय आपोआप ताठ झाले. जन्मतः कर्णबधिर असलेल्या माणसाला हीच धून याच यंत्रातून ऐकविली असती, तर काहीतरी वाजते आहे एवढेच त्यास कळले असते. १९७९ साली क्लार्क यांनी आपला दुसरा रुग्ण निवडला तो दहा वर्षांहून अधिक काळ बहिरेपणात काढलेला, कारण ध्वनीची स्मृती एवढ्या काळानंतर टिकते किंवा नाही हे पाहावयाचे होते. ती टिकली होती.

गुरुजींच्या बाबतीत नेमके हेच घडते. आयुष्यभर ऐकलेली मराठी त्यांच्या मेंदूत साठवलेली असते. तुटलेला असतो तो फक्त मार्ग. वार्धक्याने, वारंवारच्या कानाच्या आजाराने किंवा औषधांच्या दुष्परिणामाने श्रवण गेलेल्या व्यक्तींची श्रवणतंत्रिका बहुधा काम देण्याच्या स्थितीत असते. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिन यांसारख्या इंजेक्शनांमुळे कान गमावलेले अनेक रुग्ण आपल्या राज्यात आहेत आणि त्यांनी या तपासणीसाठी अवश्य जावे. अशा रुग्णांपैकी बहुतेकांना काही महिन्यांच्या सरावानंतर शांत ठिकाणी बोलणे चांगले समजू लागते. पुष्कळ जण दूरध्वनीवर बोलू शकतात. सत्तरी वा ऐंशी ही शस्त्रक्रियेस स्वतःहून आडकाठी नाही. अडचण होते ती विलंबाची. कान गेल्यानंतर जितकी अधिक वर्षे आवाजाविना जातील, तितका लाभ कमी होत जातो. मेंदूच्या आवरणाच्या दाहामुळे, म्हणजे मेनिन्जायटिसमुळे, श्रवण गेले असेल, तर कर्णशंबुकात हाड भरू लागण्याचा धोका असतो. तार सरकविण्यास जागाच उरत नाही. अशा रुग्णाच्या बाबतीत निर्णय आठवड्यांत व्हावयास हवा.

जन्मतः कर्णबधिर प्रौढाचा प्रश्न

तीस-पस्तीस वर्षांच्या त्या तरुणाचा प्रश्न अधिक कठीण आहे आणि त्याविषयी अधिक सावधपणे बोलले पाहिजे.

मेंदूतील श्रवणकेंद्र जन्मतः तयार नसते. आवाज ऐकत ऐकत ते घडते. त्यासाठी बालपणीची पहिली साडेतीन वर्षे सर्वांत अनुकूल असतात आणि सातव्या वर्षानंतर ही संधी बरीचशी निसटते, असे अनु शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून दिसून आले आहे. या काळात आवाज पोहोचलाच नाही, तर ते केंद्र रिकामे राहत नाही. दृष्टी व स्पर्श यांचे काम करणारे जाळे तेथवर पसरते. पुढे वयाच्या तिसाव्या वर्षी यंत्राने विद्युत् संदेश पाठविले तरी त्यांचा अर्थ लावणारी यंत्रणा तेथे उभी नसते. व्यक्तीला आवाज येतो. भाषा येत नाही.

म्हणून 'यशस्वी शस्त्रक्रिया' या शब्दांचा अर्थ येथे नीट विचारून घ्यावा. शस्त्रवैद्याच्या दृष्टीने तार योग्य जागी बसली, प्रत्येक अग्र काम करू लागले, म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी झाली. कुटुंबीयांच्या मनात मात्र मुलगा आता बोलू लागेल, दुकानावर बसेल, फोन घेईल, अशी अपेक्षा असते. या दोहोंमधील अंतर कोणी समजावून सांगितले नाही, तर काही महिन्यांनी ते यंत्र कपाटात जाऊन पडते. गोंगाट सहन होत नाही, डोके दुखते आणि त्या आवाजाचा उपयोग काय हे कळत नाही, अशी तक्रार करून यंत्र वापरण्याचे सोडून देणारे याच गटात अधिक आढळतात.

तरीही 'जन्मतः कर्णबधिर म्हणजे नाही' असा नियम करून चालणार नाही. ज्यांनी बालपणापासून श्रवणयंत्र नियमित वापरले, ज्यांच्यात थोडेफार श्रवण शिल्लक होते, ज्यांना बोलण्याचे व ओठ वाचण्याचे शिक्षण मिळाले, अशांची गोष्ट निराळी असते. त्यांच्या मेंदूस आवाजाची ओळख असते. १९९५ सालच्या 'मिस अमेरिका' हेदर व्हाइटस्टोन यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दीड वर्षाच्या असताना आजारात त्यांची श्रवणशक्ती बहुतांशी गेली. पुढे त्या श्रवणयंत्राच्या आधारे बोलावयास शिकल्या. अंगणात पडून रडणाऱ्या आपल्या लहान मुलाचा आवाज आपणास ऐकू आला नाही, या प्रसंगाने त्यांच्या मनात विचार सुरू झाला आणि २००२ साली त्यांनी इम्प्लांट करून घेतले. मूल रडले तर कळावे, एवढी साधी आणि पूर्ण होण्याजोगी अपेक्षा त्यांनी धरली होती.

अशा मर्यादित अपेक्षेची किंमत कमी लेखू नये. ओठ वाचणाऱ्याला मराठीत 'पाय', 'बाय' आणि 'माय' हे तीन शब्द सारखेच दिसतात, कारण तिन्ही वेळा ओठ सारखेच मिटतात. 'क', 'ख', 'ग' तर घशाजवळ उच्चारले जातात आणि ओठांवर दिसतच नाहीत. यंत्रातून येणारा अस्पष्ट आवाजही या ठिकाणी मदतीस येतो : घोष कोठे आहे, श्वास कोठे सुटला, अनुनासिक कोठे आहे हे कळले की ओठांवरून केलेला तर्क पक्का होतो. मागून येणाऱ्या मोटारीचा भोंगा, कुकरची शिटी, दारावरची थाप, स्वतःच्या आवाजाची उंची या गोष्टीही आयुष्य सुकर करतात. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, खर्च आणि पुढील कित्येक महिन्यांचे प्रशिक्षण पत्करावे की नाही, हे मात्र ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते.

खुणांची भाषा बोलणाऱ्यांचा आक्षेप

या शस्त्रक्रियेस विरोध करणारा कर्णबधिरांचा एक विचारप्रवाह आहे आणि तो हट्ट म्हणून बाजूस सारण्यासारखा नाही. अमेरिकेत १९९० साली मुलांसाठी इम्प्लांटला मान्यता मिळाली, तेव्हा तेथील कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने १९९१ मध्ये त्या निर्णयाचा निषेध केला. आम्ही रोगी नाही, आमची स्वतःची भाषा आहे आणि त्या भाषेत आम्ही शिकतो, संसार करतो, विनोद करतो, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे २००० साली त्याच संघटनेने आपल्या भूमिकेत बदल करून इम्प्लांट हा अनेक पर्यायांपैकी एक असल्याचे मान्य केले. खुणांच्या भाषेचा आग्रह मात्र सोडला नाही.

त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या 'साउंड अँड फ्युरी' या अमेरिकन माहितीपटात हा संघर्ष एकाच कुटुंबात दिसतो. कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर मुलगी इम्प्लांट मागते. आई स्वतःसाठीही चौकशी करते आणि या वयात आपणास बोलणे फारसे समजणार नाही असे कळल्यावर तो विचार सोडून देते. आईवडील त्या वेळी मुलीलाही नकार देतात. काही वर्षांनी मात्र त्या मुलीने आणि पुढे आईनेही इम्प्लांट करून घेतले. आयुष्यात एकदा 'नाही' म्हटलेली प्रौढ व्यक्ती पुढे वेगळी माहिती आणि वेगळी गरज समोर ठेवून 'होय' म्हणू शकते, आणि दोन्ही वेळी तिचा निर्णय तिचा स्वतःचाच असतो.

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये संप्रेषणाच्या साधनांत खुणांच्या भाषेचा समावेश आहे. भारतीय सांकेतिक भाषेचे राष्ट्रीय संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीत स्थापन झाले आणि त्याने २०२१ मध्ये दहा हजार शब्दांचा कोश पूर्ण केला. तरीही खेड्यातील कित्येक कर्णबधिर प्रौढांना ही भाषा शिकण्याची संधी मिळालेली नाही. घरगुती हातवाऱ्यांवर त्यांचा व्यवहार चालतो. अशा व्यक्तीच्या बाबतीत शस्त्रक्रियेचा विचार करण्याआधी तिला एखादी भाषा, मग ती हाताची का असेना, पूर्णपणे मिळाली आहे का, हे पाहावयास हवे. इम्प्लांटवर खर्च होणाऱ्या रकमेच्या अल्पांशात हे काम होऊ शकते.

तपासणी आणि शस्त्रक्रिया

प्रथम ध्वनिमापन होते. वर उल्लेखिलेल्या अधिनियमानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा अधिक श्रवणऱ्हास असणारी व्यक्ती कर्णबधिर मानली जाते. परंतु इम्प्लांटचा निर्णय केवळ या आकड्यावर होत नाही. उत्तम प्रतीचे, नीट बसविलेले श्रवणयंत्र काही काळ वापरून बोलणे किती समजते, हे पाहणे आवश्यक असते. अनेकांचे जुने श्रवणयंत्र शिबिरात मिळालेले, कानाच्या मापाचा साचा नसलेले व वर्षानुवर्षे न तपासलेले असते. त्याचा उपयोग झाला नाही म्हणून थेट शस्त्रक्रियेकडे वळणे योग्य नव्हे. त्यानंतर सी.टी. स्कॅन व एम.आर.आय. करून कर्णशंबुकाची रचना आणि श्रवणतंत्रिका यांची खात्री करून घेतात. तंत्रिकाच नसेल किंवा निकामी असेल, तर हे यंत्र उपयोगाचे नाही.

शस्त्रक्रिया भूल देऊन केली जाते आणि साधारणपणे दोन-तीन तासांची असते. मेंदूवर शस्त्रक्रिया होते हा समज चुकीचा आहे. धोके कमी असले तरी ते सांगितले जावेत : काही दिवस चक्कर येणे, जिभेची चव बदलणे, जखमेत जंतुसंसर्ग होणे, आणि क्वचित चेहऱ्याच्या तंत्रिकेस इजा होणे. मेनिन्जायटिसचा संभव किंचित वाढत असल्याने न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लस आधीच घ्यावी लागते. ज्या कानावर शस्त्रक्रिया होते, त्यात उरलेले नैसर्गिक श्रवण बहुधा कमी होते किंवा जाते. अंगात चुंबक असल्याने पुढे कधी एम.आर.आय. करावयाचे झाल्यास आपल्या यंत्राच्या प्रकाराची नोंद डॉक्टरांना दाखवावी लागते.

शस्त्रक्रियेनंतर लगेच ऐकू येत नाही. जखम भरल्यावर, सामान्यतः तीन ते चार आठवड्यांनी, यंत्र सुरू करतात. मग प्रत्येक अग्रातून किती वीज सोडावी याची मोजणी होते. यास मॅपिंग म्हणतात. पहिल्या वर्षात ते अनेकदा करावे लागते व पुढे वर्षातून एखादे वेळी. त्याला जोड द्यावी लागते ती रोजच्या सरावाची : कोणीतरी समोर बसून शब्द वाचून दाखवावयाचे, आधी ओठ दिसू देऊन आणि नंतर तोंडासमोर कागद धरून. घरात असे बसणारे माणूस आहे का, ही चौकशी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हावयास हवी.

खर्च

यंत्राची किंमत प्रकारानुसार सुमारे पाच-सहा लाख रुपयांपासून दुप्पट व त्याहून अधिक असते. केंद्र शासनाच्या ॲडिप योजनेत २०१४ पासून कॉक्लिअर इम्प्लांटचा समावेश झाला आणि त्या वेळी प्रत्येक यंत्रामागे सहा लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठरविण्यात आली. या कामात मुंबई येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था केंद्रस्थानी आहे. परंतु ही योजना बालकांसाठी आहे : जन्मतः कर्णबधिर असलेल्यांस पाचव्या वर्षापर्यंत, आणि नंतर श्रवण गमावलेल्यांस अठराव्या वर्षापर्यंत. मर्यादित निधी जेथे सर्वाधिक उपयोगी पडेल तेथे घालावा, हा त्यामागील विचार जन्मतः कर्णबधिरांच्या बाबतीत समजण्यासारखा आहे. मात्र पंचविसाव्या वर्षी इंजेक्शनांमुळे कान गमावलेला तरुण, ज्याला या यंत्राचा पुरेपूर लाभ होईल, तोही या मर्यादेबाहेर राहतो, ही उणीव नोंदविली पाहिजे.

प्रौढांच्या बाबतीत पैसा बहुधा घरातूनच उभा राहतो. जमीन गहाण पडते, दागिने मोडतात. नोकरदाराने आपल्या आस्थापनेचे वैद्यकीय प्रतिपूर्तीचे नियम आणि विमापत्रातील अटी लेखी स्वरूपात तपासून घ्याव्यात. धर्मादाय संस्थांकडून काही वेळा मदत मिळते. पहिली रक्कम जमली म्हणजे काम संपले असेही नाही. बाहेरचा प्रोसेसर काही वर्षांनी बदलावा लागतो आणि त्याची किंमत लाखांत जाते. तारा, चकत्या, बॅटरी यांचा खर्च चालूच राहतो. घाम, धूळ आणि पाऊस यांत काम करणाऱ्या शेतकऱ्यास तो अधिक येतो. मॅपिंगची सोय मोठ्या शहरांत आहे. दूरच्या तालुक्यातून तेथे जाण्यायेण्यात मजुरीचे दिवस बुडतात. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाचा पाच टक्के भाग दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करावयाचा असतो. त्यातून यंत्र येणार नाही हे उघड आहे. पण नियमांत बसत असेल तेथे प्रवास, बॅटरी व सुटे भाग यांसाठी दिलेली लहान रक्कम, कपाटात जाणारे यंत्र कानावर ठेवू शकते.

निर्णय कोणाचा?

प्रौढ व्यक्तीच्या शस्त्रक्रियेस तिची स्वतःची संमती लागते. प्रत्यक्षात दृश्य वेगळे असते. डॉक्टर वडिलांशी किंवा भावाशी बोलतात, भाऊ मान डोलावतो, आणि ज्याच्या डोक्यात यंत्र बसावयाचे आहे तो शेजारी बसून सर्वांच्या चेहऱ्यांकडे पाहत असतो. शेवटी त्याच्यापुढे कागद सरकविला जातो. कर्णबधिर मुलांपैकी बहुसंख्य मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. त्यामुळे घरातील सर्वांना जे दुःख वाटते, तेच त्या व्यक्तीलाही वाटत असेल असे गृहीत धरले जाते. ते नेहमीच खरे नसते. लग्न जमावे म्हणून शस्त्रक्रिया करावी, असा आग्रहही काही घरांत धरला जातो. यंत्र न वापरण्याची ती एक खात्रीची सुरुवात होय.

येथे शिक्षकांची आणि पंचायत सदस्यांची खरी मदत होऊ शकते. खुणांची भाषा जाणणारा दुभाषी किंवा त्या व्यक्तीचे जुने विशेष शिक्षक यांना सल्लामसलतीच्या वेळी बरोबर नेण्याची व्यवस्था करावी. लिहिता-वाचता येत असेल तर डॉक्टरांनी मुख्य गोष्टी मराठीत लिहून द्याव्यात. माझ्यासारखी बहिरेपणाची हकीगत असलेल्यांना तुमच्या रुग्णालयात काय लाभ झाला, दोन वर्षांनी त्यांपैकी किती जण यंत्र वापरीत आहेत, हे प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावेत आणि उत्तर समजेपर्यंत विचारावेत. शक्य असेल तर इम्प्लांट घेतलेल्या एका आणि विचारपूर्वक नाकारलेल्या एका प्रौढ व्यक्तीची भेट घडवून आणावी. अशा दोन भेटींतून जे उमगते ते माहितीपत्रकांच्या गठ्ठ्यातून उमगत नाही.

शस्त्रक्रिया झाली तरी रात्री झोपताना बाहेरचा भाग काढून ठेवावा लागतो. अंघोळीच्या वेळी, बॅटरी संपल्यावर, यंत्र दुरुस्तीस दिले असता ती व्यक्ती पूर्वीइतकीच कर्णबधिर असते. रुग्णालयात दाखल असताना परिचारिकेने तिला लिहूनच दाखवावे लागते, आणि कार्यालयातील बैठकीत बोलणाऱ्याने तिच्याकडे तोंड करून बोलावे लागते. दारावरची घंटा वाजताच लुकलुकणारा दिवा आणि उशीखाली थरथरणारे गजराचे घड्याळ या वस्तू घरात असाव्याच लागतात. त्या महाग नाहीत; पण खर्चाच्या अंदाजपत्रकात त्या सहसा कोणी धरीत नाही.